रासायनिक समतोल : वर्गात आणि वालधुनीच्या काठी

‘समतोल’ म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे तराजू येतो. दोन्ही पारड्यांत सारखे वजन आणि काटा मध्यभागी निश्चल. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हाच शब्द आल्यावर तराजूचे चित्रही त्याच्याबरोबर येते आणि दोन चुकीच्या समजुती रुजतात. पहिली, समतोल म्हणजे अभिक्रिया थांबणे. दुसरी, समतोल म्हणजे दोन्ही बाजूंचे पदार्थ सारख्या प्रमाणात असणे. या दोन्ही समजुती मनात ठेवूनही समतोल स्थिरांकाची गणिते सोडवता येतात, म्हणून परीक्षेत त्या उघड्या पडत नाहीत. पण एखाद्या नाल्यात आम्ल ओतले तर काय होईल, हा प्रश्न समोर आला की त्या आपल्याला कुठेच नेत नाहीत.

हा प्रश्न आम्ही मुद्दाम निवडला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेवरची तीन शहरे उल्हास आणि वालधुनी या नद्यांशी बांधलेली आहेत, आणि या भागात रासायनिक कारखानेही बरेच आहेत. पाठ्यपुस्तकातले समतोल इथे नळाच्या पाण्यात, कारखान्यात आणि नाल्यात रोज भेटतात. त्यांपैकी काही समजून घेणे हा जिवाचा प्रश्न आहे.

चिंचोक्यांचा समतोल

प्रथम तराजूचे चित्र पुसून टाकू या. त्यासाठी ९६ चिंचोके आणि दोन वाट्या पुरेत. वाट्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणू. नियम एवढाच, की प्रत्येक फेरीत ‘अ’मधले निम्मे चिंचोके ‘ब’मध्ये टाकायचे आणि त्याच वेळी ‘ब’मधले पाव चिंचोके ‘अ’मध्ये टाकायचे. प्रत्येक फेरीनंतर मोजणी करून आकडे फळ्यावर लिहायचे.

सुरुवातीला सगळे ९६ चिंचोके ‘अ’मध्ये ठेवू.

पहिल्या फेरीनंतर : अ ४८, ब ४८
दुसऱ्या फेरीनंतर : अ ३६, ब ६०
तिसऱ्या फेरीनंतर : अ ३३, ब ६३

चौथ्या फेरीत ‘अ’मधून सुमारे १६ जातात आणि ‘ब’मधून सुमारे १६ येतात. इथून पुढे आकडे जवळजवळ बदलत नाहीत. ‘अ’मध्ये ३२च्या आसपास आणि ‘ब’मध्ये ६४च्या आसपास चिंचोके राहतात.

आता वर्गाला तीन प्रश्न विचारावेत. देवाणघेवाण थांबली का? नाही, प्रत्येक फेरीत दोन्हींकडून १६ चिंचोके जातच आहेत. दोन्ही वाट्यांत सारखे चिंचोके आहेत का? नाही, एकीत दुसरीच्या दुप्पट आहेत. मग सारखे काय आहे? सारखा आहे तो जाण्याचा आणि येण्याचा वेग. समतोल हा वेगांचा असतो, साठ्यांचा नव्हे.

आता सगळे ९६ चिंचोके ‘ब’मध्ये ठेवून पुन्हा सुरुवात करावी. ‘अ’मधले आकडे ०, २४, ३०, ३१ किंवा ३२ असे चढत जातील आणि शेवट त्याच जागी होईल. सुरुवात कुठूनही केली, तरी ‘ब’ भागिले ‘अ’ हे गुणोत्तर २वर येऊन स्थिरावते. हा २ आला कुठून? ‘अ’मधून निम्मे जातात, ‘ब’मधून पाव जातात, निम्मे भागिले पाव म्हणजे २. हाच आपल्या वाट्यांचा समतोल स्थिरांक होय.

खेळ इथे थांबवू नये. समतोल आल्यावर ‘अ’मध्ये ४८ चिंचोके वरून टाकावेत. आता ‘अ’मध्ये ८० आणि ‘ब’मध्ये ६४ झाले, गुणोत्तर बिघडले. पुढच्या फेरीनंतर ५६ आणि ८८, त्यापुढे ५० आणि ९४, आणि अखेर सुमारे ४८ आणि ९६. गुणोत्तर पुन्हा २! वाढवलेल्या ४८ पैकी ३२ चिंचोके ‘ब’कडे गेले, १६ ‘अ’मध्येच उरले. ‘समतोलावर ताण आणला असता तो ताण कमी होईल अशा दिशेने समतोल सरकतो’ हे ले शातेलिए यांचे तत्त्व विद्यार्थी पाठ करतात. त्यातला ‘कमी होईल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ताण कमी होतो, नाहीसा होत नाही. साठे बदलतात, स्थिरांक बदलत नाही.

दोन्ही बाजूंचे वेग निम्मे केले, म्हणजे ‘अ’मधून पाव आणि ‘ब’मधून एक अष्टमांश चिंचोके हलवले, तर समतोल यायला जास्त फेऱ्या लागतील, पण गुणोत्तर २च राहील. उत्प्रेरकाचे काम याच्या उलट बाजूने असेच असते. तो दोन्ही दिशांचे वेग सारख्याच पटीने वाढवतो, समतोल लवकर आणतो, पण समतोलाची जागा हलवत नाही. ती जागा हलवायची तर दोन वेग वेगवेगळ्या पटींनी बदलायला हवेत. ते काम तापमान करते. म्हणून समतोल स्थिरांक सांगताना तापमान सांगावेच लागते.

वाट्यांकडून रेणूंकडे

हा विचार रसायनशास्त्रात सहजासहजी आला नाही. नेपोलियनबरोबर १७९८मध्ये इजिप्तला गेलेल्या बर्थोले यांनी खाऱ्या तळ्यांच्या काठी धुण्याच्या सोड्याचे थर पाहिले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शिअम क्लोराइड यांच्यापासून चुनखडी आणि मीठ होते. इथे मात्र मीठ आणि चुनखडी भरपूर असल्याने अभिक्रिया उलट्या दिशेने गेलेली दिसत होती. म्हणजे अभिक्रियेची दिशा पदार्थांच्या स्वभावावरच नव्हे, तर त्यांच्या प्रमाणावरही अवलंबून असते. या विचाराला गणिती रूप दिले नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी, १८६४मध्ये. पुढे १८८४ साली व्हान्ट हॉफ यांनी समीकरणात दोन उलटसुलट बाण वापरले आणि त्याच वर्षी ले शातेलिए यांनी आपले तत्त्व मांडले.

नेहमीचे उदाहरण घेऊ :

हायड्रोजन + आयोडीन ⇌ २ हायड्रोजन आयोडाइड

सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाला या अभिक्रियेचा स्थिरांक ५०च्या आसपास असतो. म्हणजे हायड्रोजन आयोडाइडच्या संहतीचा वर्ग भागिले हायड्रोजन आणि आयोडीन यांच्या संहतींचा गुणाकार, हे उत्तर ५० येते. एक लिटरच्या बंद भांड्यात प्रत्येकी एक मोल हायड्रोजन आणि आयोडीन घेतले, तर समतोलाच्या वेळी दोन्ही ०.२२ मोल उरतात आणि हायड्रोजन आयोडाइड १.५६ मोल होते. १.५६चा वर्ग भागिले ०.२२चा वर्ग, उत्तर ५०. त्याऐवजी नुसते २ मोल हायड्रोजन आयोडाइड घेतले, तरी शेवटी हेच आकडे येतात. चिंचोक्यांचाच अनुभव!

इथे दोन सूचना द्याव्याशा वाटतात. स्थिरांक मोठा आहे म्हणजे अभिक्रिया जलद होते, असे मुळीच नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून पाणी होण्याचा स्थिरांक प्रचंड आहे, तरी साध्या तापमानाला ते दोन वायू वर्षानुवर्षे एकत्र राहू शकतात. स्थिरांक ‘कुठवर’ ते सांगतो, ‘किती वेळात’ ते सांगत नाही. दुसरी सूचना, समतोलाला बंद भांडे लागते. चिंचोके वाटीबाहेर सांडू लागले, तर ३२ आणि ६४ कधीच येणार नाहीत. ही गोष्ट नाल्याकडे वळल्यावर फार उपयोगी पडेल.

बदलापूर : पाण्यातला क्लोरीन

बदलापूरला उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून पाणी उचलले जाते आणि शुद्ध करून बदलापूर-अंबरनाथच्या घरांत पोचते. शुद्धीकरणाच्या शेवटच्या टप्प्यात क्लोरीन देतात. क्लोरीन पाण्यात गेला की पहिला समतोल असा :

क्लोरीन + पाणी ⇌ हायपोक्लोरस आम्ल + हायड्रोक्लोरिक आम्ल

पिण्याच्या पाण्यात दिल्या जाणाऱ्या अल्प मात्रेला हा समतोल जवळजवळ पूर्णपणे उजवीकडे असतो. पण लगेच दुसरा समतोल सुरू होतो :

हायपोक्लोरस आम्ल ⇌ हायड्रोजन आयन + हायपोक्लोराइट आयन

याचा स्थिरांक आहे सुमारे ३ भागिले १० कोटी. जंतू मारण्याचे काम हायपोक्लोरस आम्ल हायपोक्लोराइट आयनापेक्षा कितीतरी पटींनी चांगले करते. मग पाण्यात दोघांचे प्रमाण किती? उत्तर सामूवर अवलंबून आहे. सामू ७ असताना हायड्रोजन आयनांची संहती एक भागिले एक कोटी मोल प्रति लिटर असते. स्थिरांकाला या संख्येने भागले की हायपोक्लोराइट आणि आम्ल यांचे गुणोत्तर ०.३ येते, म्हणजे शंभरांतले सुमारे ७७ भाग आम्लाच्या रूपात असतात. सामू ८ झाला की हेच गुणोत्तर ३ होते आणि आम्ल उरते फक्त २५ भाग. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सामू ६.५ ते ८.५ या मर्यादेत असावा असे सांगते. या मर्यादेच्या एका टोकाला आम्लाचे प्रमाण सुमारे ९१ टक्के, तर दुसऱ्या टोकाला जेमतेम १० टक्के!

नळाच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावा, असेही मानक आहे. तो मोजण्याची नेहमीची रंगपरीक्षा आम्ल आणि आयन यांची बेरीज दाखवते. म्हणून दोन पाण्यांत परीक्षेचा रंग सारखा आला, तरी जंतू मारण्याची त्यांची ताकद सारखी असेलच असे नाही. क्लोरीनबरोबर सामूही का मोजायचा, याचे उत्तर समतोल स्थिरांकात आहे.

उल्हासनगर : सल्फ्युरिक आम्लाचा कारखाना

उल्हासनगरच्या कडेला शहाड येथे गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकापासून रेयॉनचे उत्पादन होत आले आहे. रेयॉनच्या धाग्यासाठी सेल्युलोजचा दाट द्रव सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडात सोडतात. हे आम्ल बनवण्याच्या प्रक्रियेतला कळीचा समतोल असा :

२ सल्फर डायऑक्साइड + ऑक्सिजन ⇌ २ सल्फर ट्रायऑक्साइड

ही अभिक्रिया उष्मादायी आहे. तापमान वाढवले की स्थिरांक घटतो. ४२५ अंशांच्या आसपास ९५ टक्क्यांहून अधिक सल्फर डायऑक्साइडचे रूपांतर होऊ शकते. ६०० अंशांना ते सुमारे पाऊण भागावर येते. मग तापमान आणखी खाली का आणू नये? कारण तेव्हा वेग मंदावतो. म्हणून व्हॅनेडिअम पेन्टॉक्साइड हा उत्प्रेरक वापरून मध्यम तापमानाला काम करतात. उत्प्रेरकाच्या एका थरातून गेलेला वायू अभिक्रियेच्या उष्णतेने तापतो, म्हणून त्याला थंड करून पुढच्या थरात सोडतात. आधुनिक कारखान्यात मधेच सल्फर ट्रायऑक्साइड शोषून काढतात आणि उरलेला वायू पुन्हा उत्प्रेरकावर नेतात. उजवीकडचा पदार्थ काढून घेतल्याने समतोल पुन्हा उजवीकडे सरकतो आणि एकूण रूपांतर ९९.५ टक्क्यांच्या वर जाते. धुराड्यातून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड त्यामुळे कितीतरी घटतो. ले शातेलिए यांचे तत्त्व असे शहराच्या हवेच्या कामी येते.

वालधुनी : नाल्यातले सल्फाइड

वालधुनी अंबरनाथजवळ काकोळे परिसरात उगम पावते, १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. वाटेत तिच्यात सांडपाणी मिसळत जाते. नोव्हेंबर २०१४च्या अखेरीस उल्हासनगरात या नदीत टँकरमधून रसायन सोडले गेल्यावर उठलेल्या वायूने शेकडो रहिवाशांना त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयांत न्यावे लागले. शेजारच्या कल्याण पूर्वेला १ नोव्हेंबर २०१८ रोजी एका विहिरीत विषारी वायूमुळे पाच जण मरण पावले. वाचवायला उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवानही त्यांत होते.

अशा जागी ज्या वायूची भीती सर्वांत जास्त असते, तो हायड्रोजन सल्फाइड. सांडपाण्यात ऑक्सिजन संपला की काही जीवाणू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात. काही उद्योगांच्या सांडपाण्यातूनही ते येते. पाण्यात त्याचा समतोल असा असतो :

हायड्रोजन सल्फाइड ⇌ हायड्रोजन आयन + हायड्रोसल्फाइड आयन

याचा स्थिरांक सुमारे एक भागिले एक कोटी. डावीकडचा पदार्थ वायुरूपात पाण्याबाहेर पडू शकतो, उजवीकडचे आयन पडू शकत नाहीत. म्हणजे वायू सुटणार की पाण्यात राहणार, हे हायड्रोजन आयनांच्या हाती आहे.

एक हिशेब करू. समजा, पाण्यात लिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅम सल्फाइड आहे, म्हणजे एक मोलाचा दहा हजारावा भाग. बंद चेंबरमध्ये पाणी आणि त्यावरची हवा समतोलात आली, तर २५ अंश सेल्सिअसला हवेतले हायड्रोजन सल्फाइड असे येते :

सामू ९ : सल्फाइडपैकी १ टक्का वायुयोग्य रूपात, हवेच्या दहा लाख भागांत सुमारे १० भाग
सामू ७ : ५० टक्के, दहा लाखांत सुमारे ५०० भाग
सामू ५ : ९९ टक्के, दहा लाखांत सुमारे १००० भाग

सल्फाइड एक कणही वाढवलेले नाही. फक्त आम्ल मिसळले, आणि हवेतला वायू शंभरपट झाला. दहा लाखांत १०० भाग हेच प्रमाण जिवाला तात्काळ धोकादायक मानतात. ५०० ते १००० भागांना माणूस काही क्षणांत वा मिनिटांत बेशुद्ध पडून दगावू शकतो. आणि सर्वांत घातक गोष्ट अशी, की सडक्या अंड्यांचा तो वास सुमारे १०० भागांच्या पुढे येईनासा होतो, कारण वासाचे ज्ञानच बधिर होते. ‘आता वास येत नाही, म्हणजे वायू गेला’ हा समज जीव घेतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचून राहतो.

उघड्या नाल्यात हवा वाहती असते, म्हणून वरचे आकडे तिथे लागू होणार नाहीत. पण उघडे असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. सुटलेला वायू वाऱ्याबरोबर निघून जातो, डावीकडचा पदार्थ सतत घटतो आणि उजवीकडचे आयन त्याची जागा भरत राहतात. भांडे बंद नसल्याने समतोल येतच नाही. सल्फाइड किंवा आम्ल संपेपर्यंत वायू सुटत राहतो आणि काठच्या वस्तीत जातो.

बारावीच्या विद्यार्थ्यांना हा समतोल खरे तर ओळखीचा आहे. क्षारांच्या परीक्षणात तांबे आणि शिसे यांच्या गटासाठी आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तर जस्त, निकेल, मँगनीज यांच्या गटासाठी अमोनिया घातलेल्या द्रावणात. आम्लामुळे सल्फाइड आयन इतके कमी होतात की अत्यंत अविद्राव्य सल्फाइडेच साक्याच्या रूपात खाली बसतात. परीक्षानळीतला हा नियम आणि नाल्यातली दुर्घटना यांच्यामागे एकच स्थिरांक आहे.

मग चुना टाकून सामू वाढवला तर? वायू सुटणे थांबेल, पण सल्फाइड पाण्यातच राहील आणि पुन्हा आम्ल येताच परतेल. समतोल सरकवणे आणि विष नाहीसे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून सल्फेट केले, तरच ते या समतोलातून बाहेर जाते. त्याहून बरे म्हणजे ते नाल्यात जाण्यापूर्वीच कारखान्यात वा शुद्धीकरण केंद्रात काढून टाकणे.

हाच धडा घरातही लागू पडतो. वर बदलापूरच्या पाण्यासाठी लिहिलेला पहिला समतोल आठवा. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात संडास साफ करण्याचे आम्ल ओतले, तर तो समतोल डावीकडे सरकतो आणि क्लोरीन वायू बाहेर पडतो. म्हणून या दोन वस्तू कधीही एकत्र वापरू नयेत.

वर्गासाठी

सल्फाइड किंवा ब्लीचिंग पावडर यांच्यात आम्ल मिसळण्याचा प्रयोग वर्गात करू नये. समतोल सरकताना पाहायचा, तर हळद पुरेशी आहे. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की रंग लालसर होतो, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हे किती वेळा उलटसुलट करता येते, ते मुलांना करू द्यावे आणि मग विचारावे :

१. रंग बदलायचा थांबला, तेव्हा हळदीच्या रेणूंत काहीच घडत नाही का?
२. चिंचोक्यांच्या खेळात ‘ब’मधून प्रत्येक फेरीला १० चिंचोके बाहेर काढले, तर समतोल येईल का? अखेर काय होईल?
३. वरच्या हिशेबात सल्फाइड दहापट केले आणि सामू ९ ठेवला, तर हवेत किती वायू येईल? सामू ७ला आधी आलेल्या आकड्याशी तुलना करा.
४. चेंबरमध्ये उतरलेला माणूस बेशुद्ध पडला, आणि वर उभ्या असलेल्याला वास येत नाही. त्याने खाली उतरावे का? का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र विद्यार्थ्यांवर सोडून देऊ नये. हवा तपासल्याशिवाय आणि श्वसनाचे उपकरण लावल्याशिवाय कोणीही उतरू नये. अग्निशमन दलाला बोलवावे. हे उत्तर वर्गातून प्रत्येकाने घरी घेऊन जावे.